जुन्या बोर्डाचा क्रिस्टल बदलायचाय: नवा घ्यावा, भंगारातला, रेझोनेटर का चार पायांचा?

आधी एक सांगतो, बोर्ड चालू होईना म्हणजे क्रिस्टलच (चिपला क्लॉक म्हणजे ठोके देणारा दोन पायांचा भाग) गेला असं धरू नका. आपल्या मराठवाड्यात लाईटचं माहितीच आहे, व्होल्टेज वरखाली झालं की पहिला मार पॉवर सप्लायला बसतो. ८९सी५१ (४० पायांची मायक्रोकंट्रोलर चिप) वाला बोर्ड असेल तर ४० नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट आहेत का बघा, मग ९ नंबरची रीसेट पिन, ती चालू केल्यावर लगेच खाली यायला पाहिजे, वरच अडकली असेल तर रीसेटचा छोटा कंडेन्सर खराब आहे आणि क्रिस्टल बिचारा ठीक आहे.

हे दोन्ही बरोबर असेल तर मल्टिमीटर हर्ट्झवर लावून ३० नंबरची एएलई पिन बघा. तिथं क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सीचा सहावा भाग मिळतो, १२ मेगाहर्ट्झला बरोबर २. (मीटरची रेंज तेवढी पाहिजे.) थेट क्रिस्टलच्या पायावर प्रोब लावला की चालू असलेला क्रिस्टलसुद्धा बंद पडू शकतो, म्हणून ही पिन लै कामाची. नुसती कंटिन्युटी बघून काही कळत नाही, चांगला क्रिस्टल पण ओपनच दाखवतो. बोर्ड सकाळी चालतो आणि दुपारी तापल्यावर बंद पडतो असं असेल तर आधी क्रिस्टलचे दोन्ही पाय नव्यानं सोल्डर करून बघा, बऱ्याचदा ड्राय सोल्डरच (नीट न धरलेला टाका) असतो.

आता निवडायचं काय, तर ज्याला कॉम्प्युटरशी बोलायचंय किंवा टाइम दाखवायचाय त्याला नवा क्रिस्टलच टाका, दहा-वीस रुपयात येतो. पण आकडा जसाच्या तसा पाहिजे. लातूरच्या एका आडत दुकानातला भाव दाखवायचा डिस्प्ले आला होता, चालू व्हायचा पण अक्षरं सगळी वेडीवाकडी, उघडून बघितलं तर कोणीतरी ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या जागी १२ चा टाकलेला. फरक साडेआठ टक्क्यांचा पडतो, ९६०० स्पीडचा (सेकंदाला ९६०० बिट) डेटा त्याला वाचताच येत नाही. ११.०५९२ हा आकडा त्या स्पीडसाठीच ठेवलेला असतो, "जवळचाच आहे" म्हणून चालत नाही. सोबतचे दोन सिरॅमिक कंडेन्सर पण बदलून टाका, क्रिस्टलला ३० पीएफ (पिकोफॅरड) च्या आसपास चालतात.

भंगारातला म्हणाल तर डीव्हीडी प्लेअरमध्ये २७ चा सापडतो, जुन्या मदरबोर्डात १४.३१८ चा, आपल्या कामाचा क्वचितच. आणि तो किती वेळा खाली पडलाय कोणाला माहीत, आतली क्वार्ट्झची चकती धक्क्यानं जाते. टेस्टिंगपुरता लावा, गिऱ्हाइकाच्या बोर्डात नको.

तीन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर (क्रिस्टलचंच काम करणारा सिरॅमिकचा भाग) मला मोटारीच्या पॅनलसाठी आवडतो. धक्के सोसतो, कंडेन्सर आतच असतात, मधला पाय ग्राउंडला. पण अर्धा टक्का चूक धरली तर दिवसाला सात मिनिटं होतात, क्रिस्टलची २० पीपीएम (दहा लाखात वीस) म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाही. स्टार्टरचा डिले द्यायला हरकत नाही, शाळेची घंटा वाजवायला अजिबात नाही.

चार पायांचा पत्र्याचा ऑसिलेटर (स्वतःच तयार क्लॉक देणारा) महाग पडतो, तो मूळचा असेल तिथंच टाका. एक अपवाद आहे, नवा क्रिस्टल आणि नवे कंडेन्सर टाकूनही हालचाल नाही, म्हणजे चिपचं आतलं सर्किट गेलेलं असू शकतं, अशा वेळी आयसीवर लिहिलेला प्रोग्राम वाचवायला हाच मार्ग राहतो. ८९सी५१ ला क्लॉक १९ नंबरला द्या, १८ मोकळी सोडा. अगदी जुन्या एनमॉस बनावटीच्या ८०५१ ला (याच घराण्यातली चिप) उलटं असतं, क्लॉक १८ ला आणि १९ ग्राउंडला.

बसवताना क्रिस्टल बोर्डाला चिकटवू नका, केसाएवढी फट ठेवा, नाहीतर पत्रा खालच्या ट्रॅकला लागून शॉर्ट होतो. जुन्या बोर्डाचे पॅड लवकर सुटतात, म्हणून आधी नवं सोल्डर लावून मग पंपानं ओढा.

डीएस१३०७ (घड्याळाची आयसी) जवळचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा बारीक नळकांड्यासारखा क्रिस्टल मात्र वेगळा, तो १२.५ पीएफवालाच मागून घ्या आणि बाहेरून कंडेन्सर लावू नका, घड्याळ मागं पडतं. मे महिन्यात पॅनलच्या आत ४५ डिग्री झाले की चांगला असला तरी रोज सेकंद-सव्वा सेकंद मागं पडणारच, तेवढ्यासाठी बदलत बसू नका.