विंडोजचं ‘डिनाय डिलीट’: आठ महिने वापरल्यानंतर

‘डिनाय डिलीट’ म्हणजे फाइल कुणाला काढता येऊ नये म्हणून विंडोजमध्ये लावायची मनाई. ही मनाई असलेली आमची एक पीडीएफ आठव्या महिन्यात डिलीट झाली. तीसुद्धा ॲडमिनचे अधिकार नसलेल्या साध्या स्टँडर्ड अकाउंटवरून. विंडोजने ‘कायमची काढू का?’ एवढं एकदा विचारलं आणि फाइल गेली. नेटवर्कवर शेअर केलेल्या फोल्डरातून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे तिथे शोधण्यातही अर्थ नव्हता. दोष कुणाचा ते पुढे येईलच. थोडा विंडोजचा, बराचसा कट-पेस्टचा.

मांडणी अशी: विंडोज ११ प्रोचे चार पीसी, त्यातल्या एकाच्या डी ड्राइव्हवर शेअर केलेलं फोल्डर, बाकी सगळे स्टँडर्ड युजर, ॲडमिनचा पासवर्ड एकाकडेच. हे शेवटचं जमणार नसेल तर बाकीची खटपट करू नका. ॲडमिन असलेला माणूस ओनरशिप (फाइलची मालकी) स्वतःकडे घेऊन कुठलीही मनाई दोन मिनिटांत उठवतो.

मनाई लावायची पद्धत बहुतेकांना माहीत असते: प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ॲड, ग्रुप निवडा, टाइप ‘डिनाय’, मग ‘शो ॲडव्हान्स्ड परमिशन्स’. तिथे दोन वेगळ्या टिका आहेत, ‘डिलीट’ आणि ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’, आणि सगळी गोम या दोघींतच आहे. फाइल काढायला दोन दारं असतात. एक फाइलवरचं ‘डिलीट’, दुसरं ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावरचं ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’. यातलं एक जरी उघडं असलं तरी फाइल जाते. एकेका फाइलवर डिनाय लावून निवांत बसणारे इथेच फसतात. शेअर करताना घाईत फोल्डराच्या सिक्युरिटी टॅबमध्येही एव्हरीवनला (म्हणजे सगळ्यांना) फुल कंट्रोलची टिक दिलेली असते, त्यात दुसरं दार येतंच, आणि फाइलवरची मनाई नुसती शोभेला उरते.

म्हणून दोन्ही टिका वरच्या फोल्डरावर, ‘धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स’ निवडून, फक्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपसाठी लावल्या. डिनायमध्ये एव्हरीवन निवडू नका, त्यात तुम्हीही येता. पहिला आठवडा उत्तम गेला. पैसा खर्च नाही, वर्षाचं भाडं मागणारं, फोल्डरला कुलूप लावणारं सॉफ्टवेअर नाही, पाचपैकी पाच द्यायची तयारी होती.

मग ‘न्यू फोल्डर’ सुरू झाले. फाइलचं किंवा फोल्डरचं नाव बदलायलाही विंडोजला डिलीटचीच परवानगी लागते. राइट क्लिक करून नवं फोल्डर केलं की ते ‘न्यू फोल्डर’ नावाने तयार होतं, नाव टाइप करून एंटर मारलं की परवानगी नाही म्हणतं, आणि तयार झालेलं ते काढताही येत नाही. माणूस पुन्हा प्रयत्न करतो: न्यू फोल्डर (२), (३), (४). सगळी रिकामी, सगळी अमर. सोपा इलाज एकच, डेस्कटॉपवर हव्या त्या नावाचं फोल्डर करायचं आणि कॉपी करून आत टाकायचं. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी रोज बोलावणं येतं, आणि माझे दोन तारे इथेच गेले. क्रोममधून थेट त्या फोल्डरात डाउनलोड केलं तरी हीच रड: फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरते आणि शेवटी नाव बदलताना अडते.

एक्सेलचं तर याहून वाईट. सेव्ह करताना एक्सेल जुन्या फाइलवर लिहीत नाही. शेजारी आठ अक्षर-अंकांच्या नावाची, एक्स्टेन्शन नसलेली तात्पुरती फाइल करतं, जुनी काढतं, मग तात्पुरतीला जुनीचं नाव देतं. डिलीट बंद, म्हणजे सेव्ह बंद. वर ते आठ अक्षरी पिल्लू फोल्डरात पडून राहतं. वर्डचीही चाल साधारण अशीच. नोटपॅड मात्र त्याच फाइलमध्ये लिहितं, म्हणून ते चालतं. आणि तिथेच दुसरं भोक आहे: नोटपॅडमध्ये सगळं सिलेक्ट करून पुसा, सेव्ह करा. फाइल जागेवर, नाव तेच, साइज शून्य. डिलीटची मनाई पाळली गेली!

आता ती पीडीएफ. ॲडमिनने ती डी ड्राइव्हवरच्याच दुसऱ्या फोल्डरातून कट-पेस्ट केली होती. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते. कॉपी केली तर नव्या फोल्डराच्या घेते. डेटा ड्राइव्हवर ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ला मुळातच मॉडिफाय दिलेलं असतं आणि मॉडिफायमध्ये डिलीट येतं. म्हणजे फोल्डराचं दार बंद, फाइलचं सताड उघडं. कट करून आणलेल्या जुन्या फाइल्स ठीक करायला वरच्या फोल्डराच्या ॲडव्हान्स्डमध्ये खाली ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ची टिक लावून ॲप्लाय करा.

यानंतर मत बदललं. डिनाय ही मुळात चुकीच्या जागी मारलेली पाचर आहे. परवानगी दिलीच नाही तर नाकारायची वेळ येत नाही. डिनाय काढून टाकला आणि दोन फोल्डरं केली. ‘चालू’वर ग्रुपला मॉडिफाय, तिथे एक्सेलने काय हवा तो गोंधळ घालावा. ‘पक्कं’वर डिसेबल इनहेरिटन्स (वरून आपोआप येणाऱ्या परवानग्या बंद), मग कन्व्हर्ट (आलेल्या परवानग्या बदलता येतील अशा करणं), ऑथेंटिकेटेड युजर्स आणि युजर्सच्या नोंदी काढल्या, ग्रुपला फक्त ‘रीड अँड एक्झिक्यूट’. काम पुरं झालं की ॲडमिन अकाउंटवरून ‘पक्कं’मध्ये कॉपी, कट नाही. नोटपॅडचं भोकही यात बुजतं.

‘चालू’मध्ये एक फट राहतेच: ज्याने फाइल केली तो तिचा ओनर, आणि ओनरला तिच्या परवानग्या बदलता येतात, म्हणजे तो इतरांना बाहेरही काढू शकतो. नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी शेअर परमिशन (सिक्युरिटी टॅबहून वेगळी, शेअरिंगमधली परवानगी) फुल कंट्रोलऐवजी ‘चेंज’ ठेवा, तेवढ्याने भागतं. त्याच पीसीवर बसणाऱ्यासाठी ‘ओनर राइट्स’ नावाने मॉडिफायची नोंद घाला.

कोणी काढलं ते हवं असेल तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीत ऑब्जेक्ट ॲक्सेसचं ऑडिट चालू करा आणि त्या फोल्डराच्या ऑडिटिंग टॅबमध्ये ग्रुपसाठी दोन्ही डिलीट टिका लावा. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६० क्रमांकाची नोंद म्हणजे काहीतरी खरोखर डिलीट झालं, पण त्यात फाइलचं नावच नसतं. नाव ४६६३ मध्ये, आणि दोन्ही नोंदी जुळवायच्या त्यांच्यातल्या ‘हँडल आयडी’ या आकड्यावरून. सगळ्या परवानग्यांचं ऑडिट लावू नका, नुसतं फोल्डर उघडलं तरी नोंदी पडतात आणि हवी ती सापडायच्या आत लॉग भरून जुन्या पुसल्या जातात.