स्पॉटिंग स्कोप कशावर ठेवावा: मोठा ट्रायपॉड, छोटा ट्रायपॉड की दांड्याचा स्टँड?

स्पॉटिंग स्कोप म्हणजे टार्गेटवरची गोळ्यांची भोकं बघायची दुर्बीण. 50 मीटरवरच्या कागदावर पॉइंट टू-टूच्या (0.22 इंची) गोळीचं भोक जेमतेम साडेपाच मिलिमीटरचं असतं. ते टार्गेटच्या काळ्या भागात पडलं की 20-30 एक्सशिवाय (म्हणजे तितक्या पट मोठं केल्याशिवाय) धड दिसत नाही, आणि 40 एक्सवर बेंचची (रायफल टेकवायच्या मेजाची), वाऱ्याची, आपल्या कोपराची थरथरही चाळीस पट दिसते. त्यामुळे पक्क्या आधारावरचा मध्यम दर्जाचा स्कोप डुगडुगत्या आधारावरच्या भारी स्कोपपेक्षा जास्त दाखवतो. पैशांचा हिशेब करताना आधाराचे पैसे आधी बाजूला काढलेले बरे.

कोणता आधार घ्यायचा हे मात्र तुम्ही गोळी कशी झाडता त्यावर ठरतं: बेंचवर बसून, पालथं पडून की उभं राहून. स्कोपचं वजन ही नंतरची गोष्ट.

मेजावर ठेवायचा छोटा ट्रायपॉड बहुतेकांच्या हातात सगळ्यात आधी येतो, कारण स्कोपच्या खोक्यातच तो असतो. त्याच्या पायांमध्ये 20 सेंटिमीटरचं अंतर धरा. एक पाय नुसता 1 मिलिमीटर खाली बसला तर 100 मीटरवर नजर अर्ध्या मीटरहून जास्त सरकते. पाय 80 सेंटिमीटर फाकलेल्या मोठ्या ट्रायपॉडवर तेवढ्याच चुकीने ती सुमारे 14 सेंटिमीटर सरकते. शिवाय छोटा ट्रायपॉड त्याच बेंचवर असतो जिथे तुमची रायफल आणि दोन्ही कोपरं टेकलेली असतात. प्रत्येक गोळीला बेंच हादरतो, स्कोप सरकतो, आणि तुम्ही पुन्हा टार्गेट शोधत बसता. काँक्रीटचा बेंच, कमी धक्क्याची रायफल आणि 20 एक्सच्या आसपासचं काम असेल तर चालून जातं. बेंचच्या कडेला आवळायच्या क्लॅम्पचं दुखणंही हेच, कितीही घट्ट आवळला तरी तो बेंचबरोबरच हलणार.

बेंचवरून नेम धरणाऱ्याने सरळ फोटोग्राफीचा मोठा ट्रायपॉड घ्यावा आणि तो बेंचला न चिकटवता शेजारी जमिनीवर उभा करावा. निवडताना उंचीच्या आकड्याला भुलू नका. मधला दांडा वर न काढता बसलेल्या माणसाच्या डोळ्यापर्यंत आयपीस (स्कोपचं डोळा लावायचं टोक) आला की पुरे. तो दांडा वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं आणि सगळी कमाई वाया जाते. पायांचे टप्पे कमी आणि नळ्या जाड असाव्यात. कार्बन फायबर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा थरथर लवकर शोषतं, पण हलकंही असतं. रेंजवर हलकेपणाचं फारसं कौतुक नाही. मधल्या हुकाला पिशवी अडकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी अडकवा. हवेत झुलणारी पिशवी वाऱ्यात उलट त्रासच देते.

हेड, म्हणजे ट्रायपॉडवर स्कोप धरून फिरवणारा भाग, निवडताना बॉल हेड (गोळ्यावर फिरणारं) टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा स्क्रू सैल केला की स्कोप सगळ्या दिशांना लवंडतो. टार्गेट तर जागेवरच असतं, आपल्याला फक्त किंचित डावी-उजवीकडे किंवा वर-खाली जायचं असतं. त्यासाठी आडवी आणि उभी हालचाल वेगळी ठेवणारं, लांब दांडीचं हेड बरं. ते आवळल्यावर चित्र खाली घसरतं का, एवढं तपासून घ्या.

आता पालथं पडून नेम धरणारे. इथे मोठा ट्रायपॉड हरतो आणि त्याला कारण त्याची रचनाच आहे. पाय पूर्ण फाकवून तो जमिनीलगत आणला तरी स्कोप तीन पायांच्या बरोबर मध्ये राहतो, आणि एक पाय नेमका तुमच्या कोपराच्या जागेवर येतो. आयपीस चेहऱ्यापासून हातभर लांब राहतो. उजव्या हाताच्या नेमबाजाला तो डाव्या डोळ्यासमोर हवा असतो, म्हणजे गाल रायफलच्या दस्त्यावरून न उचलता नुसती नजर वळवून भागतं. दर गोळीला डोकं उचलून बघितलं की पवित्रा मोडतो, आणि मग पुढची गोळी कुठे जाईल हे स्कोपला विचारायची गरज उरत नाही.

दांड्याचा स्टँड यासाठीच बनलेला आहे. खाली जड बैठक किंवा तीन बुटके पाय, त्यातून वर जाणारा एकच दांडा आणि त्यावर वर-खाली सरकणारी, बाजूला काढता येणारी पकड. बैठक पुढे, डावीकडे राहते आणि स्कोप चेहऱ्याजवळ येतो. मात्र स्कोप ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूला एक पाय असायलाच हवा, नाहीतर स्टँड कलंडतो. पालथं, गुडघ्यावर आणि उभं अशा तिन्ही पोझिशन करणाऱ्यांना आणखी एक सोय मिळते: जोडदांडे लावून तोच स्टँड गुडघ्यावरच्या आणि उभ्या पवित्र्यालाही चालतो. उभ्याने वापरताना त्याची खरी कसोटी लागते. बारीक, लांब दांडा वाऱ्यात डोलतो आणि पेच असलेले सांधे सैल होत जातात, म्हणून दांडा जाड बघा आणि त्या उंचीवर एक्स कमी ठेवा.

45 अंशात वळलेला आयपीस असेल तर निवड सोपी होते. आधार बुटका ठेवता येतो, आणि स्कोपला धरणारी कडी सैल करून आयपीस आडवा फिरवला की पडल्या पडल्या बघता येतं.

मिराज (तापलेल्या हवेची लहरणारी झळ) बघून वारा ओळखणाऱ्यांनी तर आधारावर अजिबात तडजोड करू नये. त्यासाठी फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणून तापलेल्या हवेच्या लाटा बघायच्या असतात. चित्रच हलत असेल तर लाट कोणती आणि थरथर कोणती, हे कळणार कसं?

जोडणीचं म्हणाल तर स्क्रू 1/4 इंच किंवा 3/8 इंचाचा असतो आणि फरक पडल्यास छोटं बुश (मधे बसवायची आट्यांची कडी) लावून भागतं.

विकत घेण्याआधी स्वतःचा स्कोप त्यावर चढवा, नेहमीचा एक्स लावा, पुढच्या टोकाला बोटाने टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन सेकंदांनंतरही चित्र हलत असेल तर दुसरा आधार बघा.