बाळाची वाढ मागे वाटते: थांबून बघायचं की आत्ताच सुरुवात करायची?

सहा महिन्यांचं बाळ अजून मान नीट धरत नाही. डॉक्टर म्हणतात, "आत्ताच नक्की काही सांगता येणार नाही." आजी म्हणते, "याचा बापही सगळं उशिरानंच शिकला." आता आईबाबांनी ठरवायचं काय? महिना-दोन महिने थांबायचं, की निदानाचं नाव कळायच्या आधीच तपासण्या आणि थेरपी सुरू करायची? माझा कल स्पष्टपणे सुरुवात करण्याकडे आहे. तरी थांबणं नेहमीच चुकीचं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी बाळं आधाराशिवाय बसायला लागली ती साधारण ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान, आणि एकटी चालायला लागली ती ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. शंभरातली चारेक बाळं तर रांगलीच नाहीत. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल तर सहा महिन्यांचं असलं तरी त्याचं वय चारच महिन्यांचं धरायचं, हा हिशोब दोन वर्षांपर्यंत चालतो. बाळ हसतं, नजर फिरवतं, आवाजाकडे वळतं, दर महिन्याला थोडं तरी पुढे सरकतं, एवढं असेल तर थांबा. मात्र पुढची तारीख ठरवूनच. तोपर्यंत बाळाला काय यायला हवं आणि नाही आलं तर कोणाला दाखवायचं, हे डॉक्टरांकडून माता बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. तारीख नसेल तर थांबू नका.

काही बाबतींत एक दिवसही थांबायचं नाही. झोपेतून उठल्यावर बाळ एकदम पुढे वाकतं, हात पसरतात, क्षणात सैल पडतं, आणि काही सेकंदांनी पुन्हा तसंच, अशी माळच लागते. घरात याला दचकणं किंवा पोटातली कळ समजतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ही एक प्रकारची आकडी असू शकते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढावा लागतो आणि उपचाराला झालेला उशीर मेंदूला महागात पडतो. आलेली गोष्ट विसरणं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट राहणं, ही लक्षणंही लगेच दाखवायची.

आपल्याकडे आणखी एक कारण हमखास नजरेतून सुटतं. आई शाकाहारी, तिच्या शरीरात बी-१२ कमी, आणि बाळ फक्त अंगावर पितं. असं बाळ हळूहळू मलूल होतं, फिकट पडतं, बोटांची पेरं काळवंडतात, हसणं थांबतं. रक्ताच्या तपासणीत हे सापडतं आणि उपचार अगदी साधा आहे. थायरॉइडचंही तसंच. केवळ थांबण्यापायी हे महिने हातचे जाऊ देणं मला मुळीच पटत नाही.

थेरपीला निदानाचं नाव लागत नाही. बाळ मागे आहे एवढं दिसलं तरी फिजिओथेरपिस्ट काम सुरू करू शकतात. चांगली थेरपी ओळखायची खूण सांगते. बाळाच्या छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून त्याला पालथं घालतात, खुळखुळा बाजूला धरतात, आणि मग तेच आईच्या हातून करून घेतात, म्हणजे लंगोट बदलताना दोन-तीन मिनिटं घरीही होतं. बाळाला आत नेऊन आईला बाहेर बसवणारी जागा मी टाळेन. एकदम चार थेरप्या लावणारीही. त्यात पैसे जातात आणि घर थकून जातं.

तपासण्या सगळ्या एका मापाच्या नाहीत. कान आणि डोळे आधी. बाळ जन्मानंतर काचेच्या पेटीत राहिलं असेल तर बेरा, म्हणजे बाळाला ऐकू येतं का हे बघणारी तपासणी, करून घ्याच. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था यासाठीच आहे. एमआरआयला मात्र बहुधा बाळाला औषध देऊन झोपवावं लागतं, आणि जनुकीय तपासणीचा अहवाल "अर्थ अनिश्चित" असाही येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: "यानं उपचारात काय बदलेल? पुढच्या गरोदरपणासाठी काही कळेल का?" उत्तर नीट मिळालं तर करा.

सरकारी की खाजगी, यावर मी फार अडणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याखाली जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, लोक त्यांना डीईआयसी म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली आणि मोफत भेटावेत अशी योजना आहे. खाजगीत वेळ ठरवून मिळते, पण दर आठवड्याचा खर्च जड जातो. मी पूर्ण तपासणी डीईआयसीत करून घेईन आणि नेहमीची थेरपी घराजवळ जिथे मिळेल तिथे. निघण्याआधी फोन करून फिजिओ कोणत्या वारी असतात ते विचारा, आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत घ्या.