रीफाइंड वापरून पाहिलं: ग्रब रुसला तेव्हा

काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. चूक सर्वस्वी माझी. उबुंटू लिनक्सचं रूट, म्हणजे मुख्य पार्टिशन नव्या एसएसडीवर कॉपी केलं, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) नवा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) आठवणीने घातला आणि जुनं पार्टिशन उडवून टाकलं. ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवायची छोटी जागा) ग्रबची तीन ओळींची एक चिमुकली कॉन्फिग फाइल असते, ती मात्र साफ विसरले. तिच्या पहिल्याच ओळीत जुना यूयूआयडी. ग्रब बिचारा पाडलेल्या घराचा पत्ता शोधत बसला.

लाइव्ह यूएसबीवरून क्रूट करून (डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरून) ग्रब पुन्हा बसवायचा, हा नेहमीचा रस्ता. त्यात मी दरवेळी एखादं पार्टिशन माउंट करायला, म्हणजे जोडायला विसरते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. या खेपेला लॅपटॉपवरून रीफाइंड या बूट मॅनेजरची (सिस्टीम निवडून सुरू करून देणारा मेनू) तयार इमेज पेनड्राइव्हवर उतरवली, सिक्युअर बूट (सही असलेलेच बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केलं आणि पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं. करड्या पडद्यावर ठसठशीत आयकॉन आले. त्यातल्या पेंग्विनवर एंटर मारला, आणि थेट लॉगिन!

हे जमतं कसं? रीफाइंड जुन्या यादीवर विसंबून राहत नाही. दर वेळी डिस्क नव्याने चाळतं. सोबत एक्स्टफोर या लिनक्सच्या फाइलसिस्टीमचा ड्रायव्हर असल्यामुळे त्याला बूट फोल्डरमधला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थेट दिसतो. कर्नलला रूट कुठे आहे हे सांगायला स्वतःची कॉन्फिग नसेल, तर ते त्याच पार्टिशनवरचा एफएसटॅब वाचतं. माझा एफएसटॅब बरोबर होता, म्हणून वाचले. तोही चुकला असता तर आयकॉनवर एफ-टू दाबून पर्याय हाताने लिहावे लागले असते.

आत शिरल्यावर ग्रब इन्स्टॉल आणि अपडेट ग्रब, दोन कमांडमध्ये काम आटोपलं. मशीनवरची दुसरी सिस्टीम ग्रबच्या मेनूत आली नाही, ते वेगळं दुखणं: ग्रब २.०६ पासून ओएस प्रोबर (इतर सिस्टीम शोधणारा प्रोग्राम) मुळात बंदच असतो. डिफॉल्ट फाइलमध्ये ‘डिसेबल ओएस प्रोबर’ फॉल्स केलं आणि अपडेट ग्रब पुन्हा चालवलं.

आता कुरकुर. पडलेले जुने बूटलोडरही आयकॉन होऊन समोर येतात. वजाचं बटण दाबून एकेक लपवत बसा. टाइमआउट मुळात वीस सेकंद, मी तीन केला. ईएफआय नसलेल्या, जुन्या बायोसच्या मशीनवर याचा काडीचा उपयोग नाही, तिथे सुपर ग्रब डिस्क घ्या. रूट एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी लिनक्सची सोय) किंवा एन्क्रिप्टेड असेल तर आतलं काही याला दिसत नाही. आणि सिक्युअर बूटला हात लावण्याआधी दुसऱ्या सिस्टीमची डिस्क एन्क्रिप्टेड आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की हाताशी हवीच, नाहीतर एक दार उघडताना दुसरं लागायचं.

ग्रब काढून कायमचं हेच बसवावं असं मला वाटलं नाही. मेनू देखणा आहे, पण ग्रब शुद्धीवर असताना माझं काही अडत नाही. पेनड्राइव्हवर मात्र याला तोड नाही. पाचापैकी चार. पेनड्राइव्हवर पट्टी चिकटवून ‘पुसू नये’ लिहिलंय; आधीचा असाच एक मी गाणी भरायला घेतला होता.