कोल्ड वॉर्ड : साडेतीन तारे, उरलेले स्लॅबने खाल्ले

मी बांधकामाचा छोटा ठेकेदार. आजवर सिमेंट आणि टाइल्सबद्दलच लिहिलं, आज दवाखान्यातल्या एका खोलीबद्दल लिहितो. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात उन्हाळ्यापुरती ती उघडतात. पाटीवर ‘उष्माघात कक्ष’, लोकांच्या तोंडी कोल्ड वॉर्ड.

मे महिना, पारा 45 च्या वर. ऑरेंज अलर्ट सकाळीच मोबाईलवर आला होता. वाचला, आणि मोबाईल खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा होता, मिक्सरवाल्याला इसार गेला होता, लोखंड बांधून व्हायलाच हवं होतं. दुपारी दीडला लोखंड बांधणारा पोरगा एकाच सांध्याला तार गुंडाळत बसला. हाक मारली तर भलतंच बोलायला लागला. नंतर त्या सांध्यावरच्या तारा मोजल्या, नऊ होत्या. अंगाला हात लावला तर उन्हातली सळई. मी काय केलं? तापाची गोळी दिली, काखेत कांदा ठेवला आणि ऑटो येईपर्यंत पंधरा मिनिटं वाट पाहिली.

वॉर्डातल्या सिस्टरने केसपेपर मागितला नाही. याचा एक तारा आधीच देऊन टाकतो. शर्ट काढला, मागून थर्मामीटर लावला : 41.3. मग कपाटातून निघाली ताडपत्री. हो, आपण सिमेंटच्या पोत्यांवर टाकतो तीच निळी ताडपत्री. पोराला तिच्यावर निजवलं, चौघांनी चार कोपरे उचलून धरले, आत पाणी ओतलं आणि पाळण्यासारखं हलवत राहिले. बर्फ मात्र संपलेला. मी मागच्या गेटबाहेरच्या रसवंतीवर पळालो. त्याने अर्धी लादी फोडून पोत्यात भरून दिली, पैसे घेतले नाहीत. वीस-बावीस मिनिटांत पारा 39 च्या खाली आला, तेव्हा बाहेर काढलं. पोराने पहिला शब्द काढला तो चपलेबद्दल. एक ऑटोतच राहिली होती.

डॉक्टर मॅडम वयाने माझ्या पोरीएवढ्या. म्हणाल्या, “काका, तापात मेंदूच शरीराला तापायला सांगतो, म्हणून गोळी चालते. इथे मेंदूने काही सांगितलेलं नाही, अंग नुसतं तापलंय. गोळीचा उपयोग शून्य, वर लिव्हरला त्रास. आणि शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात काहीही टाकत जाऊ नका. आधी गार करायचं, मग दवाखान्यात आणायचं. गार करायचं ते अर्ध्या तासाच्या आत.” ताडपत्र्या माझ्या साईटवर दोन पडल्या होत्या. टाकी भरलेली होती. ती पंधरा मिनिटं अजून डोक्यातून जात नाहीत.

आता तक्रार, आणि ही माझ्या धंद्यातली आहे. हा कोल्ड वॉर्ड आहे सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट गच्चीच्या स्लॅबखाली! लिफ्ट बंद, पोराला आम्ही जिन्याने नेला. संध्याकाळी भिंतीला वरच्या अंगाला हात लावून पाहिला, तवा. आरसीसी दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर खाली सोडतं, हे आमचा रोजीवाला पोरगाही सांगेल. दोन एसी रात्री दहापर्यंत नुसते धापा टाकत होते. गच्चीवर चुन्याचा हातसुद्धा नाही. तळमजल्यावर उत्तरेकडची गार खोली आहे. तिच्यात मोडके पलंग आणि जुन्या फायली आरामात झोपल्यात.

मॅडमना म्हटलं तर त्या कडवट हसल्या, मग सांगायला लागल्या. अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 जास्त माणसं गेली. तिथल्या एका दवाखान्यात बाळंतिणींचा वॉर्ड असाच वरच्या मजल्यावर होता. नवजात बाळं तापून अतिदक्षता विभागात येत होती. वॉर्ड खाली आणला आणि हे प्रमाण बरंच घटलं. डॉक्टरांनी ते रीतसर मोजून छापलं. महापालिका आणि गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या मंडळींनी 2013 मध्ये शहराचा उष्णता आराखडा केला. इशाऱ्याला दवाखाने, पाणपोया, कामाच्या वेळा जोडायची पद्धत तिथे बसली आणि पुढे आमच्या नागपूरसकट बऱ्याच शहरांनी घेतली. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने 2024 मध्ये रुग्णाला बुडवायचे टब आणि बर्फाचं स्वतःचं मशीन बसवलं. आमच्याकडे आराखडा भिंतीवर लॅमिनेट करून लावलाय. ज्या भिंतीवर लावलाय ती तापते.

पोराला चार दिवस ठेवलं. लघवी चहासारखी होत होती, म्हणून किडनीच्या तपासण्या रोज. सगळं फुकट. स्वच्छता बरी, जेवणातली डाळ पातळ, पंख्याचा खडखडाट सहन होतो.

साईट आता पहाटे पाचला सुरू, अकराला बंद. रोजी पूर्ण देतो. पहिल्या दिवशी पोराने तीनदा विचारलं, खरंच पूर्ण का म्हणून.

कुणाला जायची वेळ आलीच तर निघण्याआधी अंगावर पाणी ओता, ओतत ओतत न्या. आत शिरा मागच्या गेटने. केसपेपरची रांग पुढे आहे, रसवंती मागे.