क्लासिक ३५० ला गोल्डस्टार सायलेन्सर: आवाजाला पैकीच्या पैकी, फिटिंगला काठावर पास

हा अभिप्राय रॉयल एनफिल्डच्या कार्ब्युरेटरवाल्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) क्लासिक ३५० पुरता, म्हणजे २००९ पासून २०२० च्या सुरुवातीला बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष येईपर्यंतच्या गाड्यांचा. पुढच्या गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन आहे, तिथे यातलं फारसं लागू नाही. सायलेन्सर म्हणजे बाजारात बिननावाचा मिळतो तो: आत जाळीची नळी, भोवती ग्लासवूल, शेपटाला एका बोल्टवर अडकवलेला डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारा तुकडा. नाव बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या गोल्डस्टार मोटरसायकलवरून घेतलेलं, नातं तेवढंच.

डीबी किलर आत असताना आवाज खोल आणि गोलसर. काढला की फाटतो. ग्लासवूल जळून गेल्यावरही तसाच कोरडा, पत्र्यासारखा होतो. ते वूल बदलता येतं, म्हणून मागची टोपी रिव्हेटची किंवा स्क्रूची असलेलाच घ्या, वेल्डिंग केलेला नको. वेग वाढेल ही आशा ठेवू नका. गाडी थोडी हलकी होते, बस.

खरी बोंब फिटिंगची. तोंड इंजिनातून येणाऱ्या बेंड पाइपपेक्षा किंचित मोठं निघतं, मग गॅरेजवाला बिअरच्या कॅनचा पत्रा गुंडाळतो. चार दिवस चालतो, नंतर तिथूनच हवा आत ओढली जाते आणि थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. लोक म्हणतात गाडी लीन झाली (मिश्रणात पेट्रोल कमी पडलं), जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदला! आधी लीक बघा. थंड इंजिन सुरू करून जोडाभोवती उदबत्ती फिरवा, धूर हलला की जागा सापडली. बेंड पाइप इंजिनच्या हेडला जोडतो तिथली गॅस्केट नवीच टाका. आणि कसण्याचा क्रम पाळा: सगळं आधी हातानं, मग हेडचे नट, मग क्लॅम्प, ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. ब्रॅकेट ओढूनताणून आधी कसला तर सगळा ताण हेडच्या स्टडवर येतो.

सेकंडरी एअरची नळी असलेल्या मॉडेलला उतारावर दोनचार फटाके येणारच, कारण मोकळी हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते. ते घालवायला पेट्रोल वाढवणं म्हणजे दुखणं पोटाला आणि मलम पायाला.

लीक नसेल तरच कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू फिरवा. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, आयडलिंग जरासं वाढवा. मेकॅनिक ज्याला सर्रास एअर स्क्रू म्हणतात तो या सीव्ही (इंजिनच्या ओढीनं स्लाइड उचलणाऱ्या) कार्ब्युरेटरवर इंजिनच्या बाजूला असतो आणि बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. जुन्या बुलेटच्या व्हीएम (केबलनं स्लाइड उचलणाऱ्या) कार्ब्युरेटरवर तो एअर फिल्टरच्या बाजूला, तिथे नेमकं उलटं. निम्मे घोळ इथेच होतात. स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत बंद करा, जोर लावला तर टोक आणि बसायची जागा दोन्ही खराब. मग दोन आटे उघडा आणि पाव-पाव आट्यानं इंजिन सगळ्यात वर कुठे चढतं ते ऐका. तिथे थांबून आयडलिंग हजार-अकराशेवर आणा. तीन आट्यांपेक्षा जास्त उघडावा लागला तर पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल देणारा, एक नंबर मोठा हवा.

डीबी किलर ठेवला तर बहुतेक गाड्यांचं काम इथेच संपतं. पाव ते पाऊण थ्रॉटलला गाडी अडखळत असेल तर चोक अर्धा ओढून बघा. सुधारली तर लीन आहे. स्लाइडमधल्या सुईखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाका, सुई वर येऊन पेट्रोल वाढतं. झाकण लावताना डायफ्रामची (स्लाइड उचलणाऱ्या रबरी पडद्याची) कड खाचेत नीट बसली पाहिजे, चिमटली किंवा बारीक भोक पडलं तर स्लाइड पूर्ण उचलत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात. मेन जेटला हात सगळ्यात शेवटी, तोही पूर्ण थ्रॉटलला दम तुटत असेल तरच, आणि एकाच टप्प्यानं. प्लगचा रंग बिस्किटी हवा. पांढरा म्हणजे लीन, काळा कोरडा म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. मात्र आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यानं मिश्रण मुळातच थोडं लीन होतं. म्हणून जुन्या गाडीचे जुने आकडे जसेच्या तसे उचलू नका.

मूळ सायलेन्सर भंगारात घालू नका. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्क्यांच्या आत लागतो आणि कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, त्या मूळ सायलेन्सरमध्येच असतो. आवाजाचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुण्या-नागपुरात पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले सगळ्यांनी पाहिलेत. डीबी किलर डिकीत ठेवून फिरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणखी एक. मुंबईत अचूक जुळवलेली गाडी महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, थोडी रिच चालते, कारण वर हवा विरळ. तिथे स्क्रूला हात लावू नका, घाट उतरला की ती आपोआप ठीक होते.