कात्री मालकाच्या हातात असेल तर

सलूनमध्ये कारागिराने केस कापले की टिप द्यायची का, हा प्रश्नच नसतो. कटिंगचे पैसे गल्ल्यावर, वरचे वीस-तीस त्याच्या हातात. तो मान हलवतो, आपण निघतो. घोळ होतो तो मालकाने स्वतः कापले तर. गल्ला त्याचा, खुर्ची त्याची, भिंतीवरचे दर त्यानेच लिहिलेले. त्याला वर पैसे देणं म्हणजे वाण्याकडून किलोभर साखर घ्यायची आणि जाताना काउंटरवर आणखी दहा रुपये ठेवायचे, तसं वाटतं. बरं, नाही द्यावेत तर शेजारच्या खुर्चीवरच्या पोराला मिळतात आणि ज्याने अर्धा तास पाठ वाकवून आपलं डोकं सांभाळलं त्याला नाहीत, हेही खटकतं.

ऑफिसात नव्याने आलेल्या एका मुलाने मला हे विचारलं. नुकताच प्रभादेवीला राहायला आलाय आणि त्याला सलून मिळालंय ते मालक स्वतः कात्री धरणारं. डब्याच्या वेळेत मी दिलेलं उत्तर अर्धवटच होतं, म्हणून आता नीट लिहितो. त्याच्यापुढे रस्ते दोन आहेत. दर वेळी थोडे वर ठेवायचे, किंवा दर वेळी फलकावर लिहिलेत तेवढेच द्यायचे आणि दिवाळीला एकदा पाकीट. मी पहिला रस्ता काही वर्षं चाललो, आता दुसऱ्यावर आहे. दोन्हींत तथ्य आहे, हे आधीच कबूल करतो.

माझं सलून परळला, चाळीच्या तळमजल्यावर. दोन खुर्च्या, एक बाक, बाकाखाली कालपरवाचे पेपर. मालकाला सगळे मामा म्हणतात. एका खुर्चीवर ते, दुसऱ्यावर एक कारागीर, आणि केस झाडायला, टॉवेल धुवायला एक पोऱ्या. कटिंग 150, दाढी 80. कारागिराचं मामांशी अर्धं-अर्धं आहे, म्हणजे माझ्या दीडशेतले पंच्याहत्तर त्याचे. मामांनी कापले तर सगळे मामांचे. अर्थात त्यातूनच भाडं, लाइटबिल, ब्लेडं आणि पोऱ्याचा पगार जातो, हे आपल्याला दिसत नाही एवढंच.

दर वेळी वर ठेवण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती सोपी आहे. काम आवडलं, पैसे दिले, विषय संपला. लक्षात ठेवायला काही नाही. घर बदललंत, सलून बदललंत, कुणाचं देणं मागे राहत नाही. तीन महिन्यांतून एकदा केस कापणाऱ्याला, किंवा अकरा महिन्यांच्या करारावर मुंबईभर फिरणाऱ्याला हाच रस्ता बरा असेल. त्याने दिवाळीचं पाकीट कुठल्या मामाला द्यायचं?

माझी मावसबहीण जर्सी सिटीला असते. तिकडे केस कापले की पंधरा-वीस टक्के वर द्यायचेच. मात्र मालकाने कापले तर टिप द्यायची नाही, असा तिकडचाही जुना संकेत होता, कारण बाकीच्यांना आपल्या कमाईतला वाटा किंवा खुर्चीचं भाडं सलूनला द्यावं लागतं आणि मालकाला ते लागत नाही. आता तो संकेत सैल झालाय, ती मालकिणीलाही देते. तिचा हिशेब परळला लावला तर दीडशेवर वीस टक्के म्हणजे तीस रुपये. गंमत म्हणजे मी तेवढेच देत होतो. आकडा जुळला, कारण मात्र जुळत नव्हतं. ती देते कारण तिकडे टिप पगारात धरलेलीच असते. मी देत होतो कारण एकशे ऐंशी द्यायला बरं वाटायचं.

आणि मग दुकानात तो डबा आला. बोलणारा. क्यूआर स्कॅन केला की रक्कम मोठ्याने सांगणारा.

तोवर माझे वरचे तीस रुपये माझ्यात आणि मामांत होते. नोटा घडी करून द्यायच्या, मामा न मोजता गल्ल्यात टाकायचे, बघितल्यासारखं दोघेही करायचो नाही. डबा आल्यावर मी फोनवरून द्यायला लागलो आणि पहिल्याच दिवशी तो खणखणीत आवाजात म्हणाला, “एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले.” बाकावर नंबर लावून बसलेल्या चौघांनी पेपरातून मान वर काढली. त्यातले एक आजोबा, चाळीतलेच, फलकाकडे बघून म्हणाले, “वाढवले काय रे? परवा तर दीडशे होते.” मामा कैचीतलं डोकं सोडून वळले. “नाही हो काका, साहेबांनी आपल्या खुशीने दिलेत.” आजोबा माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरेत कौतुक नव्हतं. उद्या याच्या खुशीपायी आमचे दर वाढणार, असा तो हिशेब होता, आणि अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण पुढे एकदा घाईत, ट्रेन पकडायची होती म्हणून, मी फलकावरचे दीडशेच टाकले. डब्याने जाहीर केलं. मी चपला घालत होतो. मामा हातातला वस्तरा तसाच धरून बाहेरच्या पायरीपर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, काही चुकलं का? मागून केस जास्त कापले गेले का?”

मी काय बोललो ते आठवत नाही. एल्फिन्स्टनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, जिन्यापर्यंत तेच डोक्यात होतं. पंचवीस वर्षं कात्री चालवणाऱ्या माणसाला मी तीस रुपयांनी दर महिन्याला मार्क देत होतो आणि त्या दिवशी नापास केलं होतं. मामांचं काम फलकावरच्या आकड्यात पूर्ण होतं, तो आकडा त्यांनीच ठरवलेला. त्याच्यावर माझा शेरा मी लावून ठेवला, आणि मग तो काढणं हाही शेराच झाला. कारागिराच्या बाबतीत हे असं होत नाही. त्याला एखाद्या वेळी नाही मिळाले तर तो समजतो, आज सुट्टे नसतील. मालक तसं समजत नाही, मालक कामात खोट शोधतो.

ही एकच गोष्ट. तराजू माझ्यापुरता तिथेच झुकला. तुमच्या सलूनात डबा नसेल, किंवा तुमचा मालक माझ्या मामांइतका मनाला लावून घेणारा नसेल, तर तुमचा तराजू वेगळा असू शकतो.

एक किरकोळ त्रासही होता. तीस रुपये फुकट घेतले असं मामांना वाटू द्यायचं नसायचं, म्हणून ते न मागता चंपी करायचे. चांगली पंधरा मिनिटांची, मानेचं हाड वाजवण्यासकट. रविवारी ठीक आहे. कामाच्या दिवशी सकाळी तेलकट डोक्याने लोकलमध्ये उभं राहायचं, आणि वर त्याचे पैसे आपणच भरलेले!

मालक वरचे पैसे वरचे म्हणून घेतच नाही, हे खरं तर मला आधी कळायला हवं होतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मार्चपासून दुकान बंद होतं. 28 जूनला राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली, तीही वेळ ठरवून येणाऱ्यांसाठीच. केस कापायला चालत होतं, दाढीला नाही. तीन महिने वाढलेलं डोकं घेऊन मी गेलो, कापून झाल्यावर पाचशेची नोट दिली आणि म्हटलं, राहू द्या मामा. त्यांनी राहू दिली. पुढच्या महिन्यात पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, “तुमचे आहेत ना जमा.” वहीत लिहून ठेवलं होतं, तारखेसकट. ती नोट फिटेपर्यंत त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. मी मदत केली असं समजत होतो. त्यांच्या वहीत तो ॲडव्हान्स होता.

आता दुसरा रस्ता. दर वेळी 150 म्हणजे 150. डबा काहीही बोलो, बाकावरचं कुणी मान वर करत नाही. दिवाळीला, पोस्टमनला आणि कचरेवाल्याला पोस्त म्हणून देतो त्याच सुमारास, मामांना पाकीट. रोखच. मी पाचशे एक घालतो आणि सोबत घरचा फराळ असतो. तीन-चार कटिंगइतके होतात. महिन्याचे तीस-तीस जोडले तर वर्षाचे तीनशे साठ, म्हणजे पाकीट थोडं जास्तच. यंदा पाचशे एक आणि पुढच्या वर्षी सहाशे एक झाले तरी त्यातून माझ्या केसांबद्दल काही निघत नाही, मोठा फरक हा. ते सणाचे पैसे असतात. मामाही मोकळ्या मनाने घेतात, कारण खंडेनवमीला कात्र्या-वस्तऱ्यांची पूजा झाली की त्यांच्याकडून आमच्या घरी पेढ्याचा पुडा आलेला असतो. देणंघेणं दोन्ही बाजूंनी चालू राहतं, वहीत कुणीच लिहीत नाही.

यातही खोट आहे. अकरा महिने आपण कंजूष दिसतो, निदान आपल्याला तसं वाटतं. आणि दिवाळीच्या धामधुमीत विसरलात तर वर्ष कोरडं गेलं. मी एकदा विसरलो, तुळशीचं लग्न झाल्यावर दिलं, आणि ते थकबाकी भरल्यासारखं वाटलं.

बायकोने आणखी एक काढलं. ती म्हणाली, म्हणजे बलुतंच की हे, वर्षाचं एकदम. बोच होती त्यात. आमच्या गावी आजोबांच्या काळी नाभिकाला दर खेपेला पैसे नसत, सुगीला धान्य मिळे, किती ते देणाऱ्याच्या मनावर. मामांचे वडील तेच सोडून मुंबईत आले आणि त्यांनी भिंतीवर दर लिहिले. त्या फलकाचा मान राखायचा तर तो आकडा दर वेळी पुरता आणि वेळेवर द्यायचा, पाकीट नंतर. पाकिटाच्या भरवशावर फलकातून दहा रुपये कमी करा म्हणणारेही मी बघितलेत. ते बलुतंच झालं, आणि वाईट अर्थाने.

तिचं स्वतःचं तर याहून निराळं आहे. तिची पार्लरवाली ताई घरातल्याच एका खोलीत काम करते, थ्रेडिंगला पन्नास घेते. पन्नासावर काय टिप द्यायची आणि ताईला टिप देतात का, असं ती मलाच विचारते. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावते, वाण देते, मुलीच्या बारावीला पेढे नेते. मला वाटतं तिला हे कोडं कधी पडलंच नाही.

टॉवरमधल्या एसी सलूनचा मालक हे मात्र वेगळं प्रकरण. भाच्याच्या लग्नाआधी मी अशा एका ठिकाणी गेलो होतो. तिथे दर माणसागणिक असतात. साध्या स्टायलिस्टचे 500, मालकाने कापले तर 900. मालकाचा हात लागला याचे चारशे आधीच लावलेत, त्याच्यावर आणखी टिप कशाची? तरी मशीनवर दहा की पंधरा टक्के असं विचारलं गेलं, तेही करासकट रकमेवर. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, पण सलूनने स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करायची सोयही गेली, त्यामुळे सगळ्यांचं बिल तेवढं उतरेलच असं नाही. टिप द्यायचीच झाली तर कराच्या आधीचा आकडा धरा. माझं मत विचाराल तर तिथे मालकाला शून्य, आणि केस धुणाऱ्या मुलाला हातात पन्नास.

तसं परळच्या दुकानातही पोऱ्याला मी दर वेळी देतोच, मामांनी कापलं तरी. दहा-वीस रुपये, रोख. फोनवरून दिले तर ते मामांच्या खात्यात जातात आणि डबा पुन्हा बोंबलतो. मानेवरचे केस झटकायला तो जवळ आला की द्यायचे. मामांना ते दिसतं आणि आवडतं. मला वाटतं, त्यांना स्वतःला तीस रुपये मिळण्यापेक्षा जास्त आवडतं.

तर प्रभादेवीच्या त्या मुलाला माझं सांगणं: वर्षभर तिथेच जाणार असशील तर पाकीट. नक्की नसेल तर वरचे वीस रोख दे आणि पहिल्याच दिवसापासून डब्यापासून लांब ठेव. पाकीट धनत्रयोदशीच्या दोन दिवस तरी आधी, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या. त्यानंतर मामांना मान वर करायला फुरसत नसते. आणि सोमवारी जाऊ नकोस, आमच्याकडे तरी सोमवारी शटर बंद असतं.